दुप्पट वाण

माझी जीभ तिखट आहे हे मला लहानपणापासून सगळे सांगत आलेत, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा छुपा अभिमानच होता. ऑफिसात, सोसायटीत, लग्नकार्यात माझ्या एखाद्या वाक्यावर चार बायका हसल्या की माझा दिवस चांगला जायचा. ज्या वाक्याबद्दल मी हे लिहायला बसलेय, त्यावर तर वीस-बावीस बायका हसल्या होत्या.

ते वाक्य सांगायचंच आहे, पण आधी चहाचं सांगते.

मी नाशिकमधल्या एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. गॅदरिंगच्या फोटोत मागच्या रांगेत उभी असलेली ती रुंद बाई कोण, असं मी पलीकडच्या टेबलावरच्या मॅडमना विचारलं आणि त्यांनी फोटो माझ्यापुढं सरकवला. मग कळलं, ती मीच. दोन दिवसांनी त्यांनी पर्समधून एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. वजन कमी करणारा चिनी वनौषधींचा चहा. त्यांची बहीण घरून विकायची. डब्यावर हिरवे डोंगर, धुकं, एका पायावर उभा पांढरा करकोचा आणि खाली चिनी अक्षरं. ‘हजारो वर्षांची परंपरा आहे,’ त्या म्हणाल्या. हजारो वर्षांची म्हटलं की पुढं काही विचारायचं असतं हे आपल्या लक्षातच येत नाही. माझ्या तरी आलं नाही.

चहाला ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. नाक दाबून प्यायले. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनदा पळावं लागलं आणि शाळेत पोचायला उशीर झाला. मॅडम म्हणाल्या, शरीर साफ होतंय. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. दीड महिन्यात काटा चार किलोंनी खाली आला. त्यात चरबी किती आणि नुसतं पाणी किती, ते आता मला माहीत आहे. तेव्हा मी फक्त ब्लाउजची शिवण आत घेतली आणि भेटेल त्या बाईला उपदेश करायला लागले. माझे यजमान ओझरच्या कारखान्यात नोकरीला आहेत. ते म्हणाले, ‘तू आता डबा हातात घेऊन दारोदार फिरायचीच बाकी आहेस.’ पुढे मी दारोदार फिरलेही, पण ते वेगळ्या कारणासाठी.

संक्रांत आली. आमच्याकडे हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी असतं. दरवर्षी वाण काय लुटायचं यावर माझं डोकं खर्ची पडतं. प्लॅस्टिकच्या वाट्या, स्टीलचे चमचे, गाळण्या सगळं देऊन झालं होतं. बायका तेच वाण फिरवून दुसरीकडे देतात, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. मी दिलेली गाळणी एका वर्षी मलाच परत आली होती. म्हणून या वेळी ठरवलं, उपयोगाचं काहीतरी द्यायचं. मॅडमच्या बहिणीकडून चहाचे डबे आणवले. डबे तसेच देणं मला बरं दिसेना. मी सगळे फोडले, चहाच्या पंधरा-पंधरा पुड्या पारदर्शक पिशवीत भरल्या, वर सोनेरी रिबीन बांधली, तिळगुळाची पुडी अडकवली. प्रत्येक डब्यात एक घडीचा कागद होता, बारीक इंग्रजी अक्षरांचा. ते सगळे कागद रिकाम्या डब्यांत कोंबले आणि सकाळी घंटागाडीत टाकून दिले. एक डबा तेवढा माझा स्वतःचा, ओट्यावर राहिला.

आता ताईंचं सांगते. ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. चांदवडजवळ त्यांची शेती, कांदा आणि थोडी द्राक्षं. माझी आई माझ्या लग्नानंतर लगेच गेली, त्यामुळे माझं बाळंतपण करायला कुणी नव्हतं. ताई कांद्याची काढणी अर्ध्यावर टाकून आल्या आणि सव्वा महिना राहिल्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची गरम भाकरी. मी नको म्हटलं की त्या ताट पुढं सरकवायच्या. ‘खा गं, अंगावर पाजायचंय तुला.’ रोज माझं पोट तेलानं चोळून पट्टा बांधायच्या. माझ्या सुटलेल्या, भेगाळलेल्या पोटाकडे बघून त्या एका शब्दानं कधी काही बोलल्या नाहीत.

ताई अंगानं चांगल्याच जाड आहेत. गुडघे दुखतात, बीपी आहे. बीपीसाठी दोन गोळ्या चालू असतात, त्यातली एक लघवीवाटे पाणी काढणारी. त्या गोळ्या नाशिकहून मीच दर महिन्याला पाठवते. नावं मला पाठ आहेत. हे मुद्दाम सांगतेय, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तर त्या रविवारी ताई सकाळीच बसनं आल्या. येताना पिशवीभर हरभऱ्याची भाजी आणि दोन पेंढ्या कांद्याची पात. दुपारभर माझ्याबरोबर तिळगूळ भरले, संध्याकाळी जरीची हिरवी साडी नेसून सतरंजीवर एका कोपऱ्यात बसल्या. बायका येत गेल्या. मी एकेकीला हळदीकुंकू लावत, अत्तर लावत, वाण देत पुढे सरकत होते आणि चहाचं माहात्म्य सांगत होते. हसणं-खिदळणं चाललं होतं. माझा रंग चढला होता.

ताईंपाशी आले. त्यांनी पदर पसरला. मी एक पिशवी घातली, क्षणभर थांबले, सगळीकडे नजर फिरवली आणि दुसरी पिशवी घातली. म्हणाले, ‘ताई, तुम्हाला दोन. एकानं तुमचं काय होणार!’

खोली हसली. ताईसुद्धा हसल्या. वाण नाकारायचं नसतं, त्यांनी पदर सावरून दोन्ही पिशव्या मांडीवर घेतल्या आणि कपाळाला लावल्या. ज्या दिवशी एकमेकींशी गोड बोलायचं असतं, त्याच दिवशी हे बोलले मी. तेव्हा मात्र मला वाटलं, काय झकास जमलं.

बारा-तेरा दिवसांनी भरदुपारी थोरल्या दिरांचा, म्हणजे भाऊजींचा फोन आला. ताई कांद्याच्या वाफ्यात कोसळल्या होत्या. पायातलं बळच गेलं, छातीत धडधडतंय, उभं राहता येत नाही. चांदवडच्या डॉक्टरांनी नाशिकला न्यायला सांगितलं होतं आणि गाडी निघालीसुद्धा होती.

मी शाळेतून थेट दवाखान्यात गेले. ताईंचा चेहरा ओळखू येईना, ओठ कोरडे, डोळे आत. सलाइन लावलं, छातीला वायरी लावून कागदावर आलेख काढला, रक्त नेलं. थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, पण बोलायला ठाम.

‘रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय. त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडलेत. जुलाब होत होते का त्यांना?’

भाऊजी म्हणाले, ‘असेल. सारखं परसाकडं जायची. मी म्हनलं उन्हामुळं असंल.’

‘बीपीच्या गोळ्यांशिवाय अजून काही घेतात? चूर्ण, काढा, कुणी दिलेलं काही औषध?’

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, कारण गोळ्यांचं सगळं मीच बघते. ‘नाय ना गं काही?’

मला चहा आठवला. लगेच आठवला, सगळ्यांत आधी तोच आठवला. आणि मी म्हणाले, ‘नाही, या दोनच गोळ्या.’

का म्हणाले? माझे यजमान शेजारी उभे होते, पुतण्या होता, चांदवडहून आलेले चुलत सासरे होते. त्या सगळ्यांसमोर ते वाक्य, त्या दोन पिशव्या, ते हसणं बाहेर आलं असतं. मी मनाची समजूत घातली की चहा एव्हाना संपला असेल, किंवा त्यांनी तो प्यायलाच नसेल, कोनाड्यात टाकला असेल. शिवाय सलाइनमधून पोटॅशियम चालूच आहे, कारण कळून वेगळं काय करणार आहेत? समजूत घालायला मला फार वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी पोटॅशियम थोडं वर आलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली. डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून रिपोर्ट बघत होत्या. ‘भरतोय तेवढं निघून जातंय. हे टिकत का नाही? किडनीच्या तपासण्या करायला लागतील.’ भाऊजी बाकावर डोकं धरून बसले. तालेवार माणूस, मार्केटमध्ये भल्याभल्या व्यापाऱ्यांना न जुमानणारा, पण त्या दिवशी मला म्हणाले, ‘तू शिकलेली हाय, तूच विचार त्यान्ला, वाचंल ना ती?’

मी ‘हो भाऊजी’ म्हणाले आणि डबा घेऊन ताईंकडे गेले. मूगडाळीची खिचडी केली होती.

ताई उशीला टेकून बसल्या होत्या. हातात स्टीलचा पेला, त्यातून वाफ येत होती. ओल्या गोणपाटाचा वास सगळ्या खाटेभोवती पसरला होता. पेल्याच्या काठावरून पांढरा दोरा लोंबत होता.

मला बघून त्यांना आनंद झाला. ‘ये. बघ, तुझं वाण अजून चालू हाय. खंड पडू दिला नाय. वॉर्डातली मावशी गरम पाणी आणून देती थर्मासमध्ये.’

माझ्या हातातला डबा मी कुठं ठेवला मला आठवत नाही. मी विचारलं, ‘रोज किती घेता?’

‘दोन. सकाळी एक, संध्याकाळी एक. तूच म्हनली ना, एकानं माझं काय व्हनार.’

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी उलट बोलू तरी शकले असते. त्या सरळ सांगत होत्या, जसं औषधाचं प्रमाण सांगतात तसं. माझ्या विनोदाला त्यांनी प्रमाण धरलं होतं.

मग पेल्याकडे बघत त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘त्या दिवशी सगळ्या हसल्या, मी बी हसले. पन घरी गेल्यावर कपाटाच्या आरशात पयल्यांदा नीट पाह्यलं. लय वाईट दिसते गं मी. मनात म्हनलं, आपल्या मानसानं सांगितलं ते बरं झालं. दुसरं कोन सांगनार?’

मी पेला त्यांच्या हातातून हिसकावून घेतला आणि बेसिनमध्ये ओतला. उशाखालची पिशवी काढली, त्यात चार पुड्या उरल्या होत्या. एक फाडून तळहातावर घेतली. ताईंनी वाकून पाहिलं आणि त्यातलं तपकिरी बी बोटानं वेगळं केलं. ‘हा तर आपला टाकळा! पावसाळ्यात बांधावर उगवतो तो.’ मग चुरलेली पानं हुंगली. ‘आन् ही सोनामुखी. सासूबाई द्यायच्या, पन चिमूटभर, ते बी एकदाच. हे चीनचं कसं म्हनती मग?’ आणि त्यांना हसू आलं. मला रडू आलं, पण त्यांच्यासमोर रडायला मला तोंड नव्हतं.

डॉक्टरांना दाखवायला चहाचा डबा हवा होता. मी रिक्षानं घरी गेले, ओट्यावरचा माझा डबा घेतला आणि परत येताना द्वारका चौकाच्या सिग्नलला तो घडीचा कागद पहिल्यांदा उघडून वाचला. दिवसाला एकाहून जास्त पुडी घेऊ नये. सलग सात दिवसांहून अधिक घेऊ नये. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर घेऊ नये. सगळं लिहिलेलं होतं, अगदी सोप्या इंग्रजीत. शाळेत दिवसभर मी इंग्रजी पत्रं टाइप करते. सोनेरी रिबीन चांगली दिसावी म्हणून मी हा कागद घंटागाडीत घातला होता, प्रत्येक डब्यातला.

डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये एकटीच गेले. डबा आणि पुड्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी कागद वाचला आणि खुर्चीत मागे टेकल्या. ‘अहो, रेचक आहे हे. वर ती पाण्याची गोळी. अजून दोन-चार दिवस हे असंच चाललं असतं आणि ठोके पूर्ण बिघडले असते तर आपण काही करू शकलो नसतो. मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना? कुठून आणलं हे?’

आणि मी म्हणाले, ‘त्यांच्या पिशवीत सापडलं. कुठून आणलं काय माहीत.’

हे लिहिताना हात थांबतो. पहिल्या दिवशीचं खोटं मी घाबरून बोलले असं म्हणता येईल. हे दुसरं खोटं मात्र मी शांतपणे, खुर्चीत बसून, समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघून बोलले, तेही नुकतंच त्या चार पुड्या हातात घेऊन रडू आलेलं असताना.

संध्याकाळी राउंडला डॉक्टरीणबाईंनी ताईंना सगळ्यांदेखत झाडलं. ‘आजी, असलं काहीबाही कुणी सांगितलं प्यायला? मरायचं होतं का?’ भाऊजी, माझे यजमान, पुतण्या सगळे खाटेभोवती उभे. मी पायथ्याशी. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, घास गिळायला लागतो तेवढाच. मग म्हणाल्या, ‘बाजारात एक बाई विकत होती. मीच घेतला. बारीक व्हायची हौस आली मला म्हातारपनी.’

भाऊजी चिडले, मग हसले, मग डोळे पुसले. माझ्या यजमानांना आमच्या ओट्यावरचा डबा आठवला असेल, तर त्यांनी तसं दाखवलं नाही. आम्ही दोघींनी काहीही न ठरवता एकच खोटं सांगितलं होतं. त्यांनी माझ्यासाठी, मी पण माझ्यासाठीच.

चहा थांबला तसं पोटॅशियम टिकलं. पाचव्या दिवशी ताई स्वतःच्या पायांनी गाडीत बसल्या. जाताना मला म्हणाल्या, ‘तू नको मनाला लावून घेऊस.’ मी मान डोलावली.

मग मी सोसायटीत दारोदार फिरले. वाण परत मागायला आलेली बाई आमच्या सोसायटीनं त्याआधी पाहिली नसेल. ‘एक्सपायरी उलटून गेलेली निघाली, परत द्या’ असं सांगत होते, म्हणजे तिथेही खरं नाहीच. बऱ्याच जणींनी तसाच ठेवला होता. दोघींनी फेकून दिला होता. एक म्हणाली, ‘पोटात नुसती कळ यायची हो, पण तुम्ही दिलेलं म्हणून पीत होते.’ आणि तिघींनी तो आपापल्या हळदीकुंकवात पुढे देऊन टाकला होता. कुणाला दिला, आठवत नव्हतं. एवढ्या बायका येतात, कुणाच्या पदरात काय पडलं कोण लक्षात ठेवतं? त्या पुड्या कुठल्या घरात, कुठल्या गोळ्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, हे मला आजही माहीत नाही. ऑफिसातल्या मॅडमना मी तो कागद वाचायला दिला. त्यांनीही कधी वाचला नव्हता.

चांदवडला आता ताईंना सगळे चिडवतात. लग्नात कुणी त्यांच्या ताटात जिलबी वाढली की भाऊजी म्हणतात, ‘वाढ वाढ, नंतर चायनाचा चहा पिती ती.’ पुतण्यानं तर फोनमध्ये आईचं नाव चायना मम्मी असं ठेवलंय. ताई हसतात. त्या हसल्या की मीही हसते, कारण एकटीच गप्प बसले तर कुणीतरी विचारेल. दर वेळी मी ठरवते की या खेपेला सांगायचं. तीन शब्द आहेत. तो मी दिला.

यंदाच्या संक्रांतीला वाटलं होतं, आता सांगेनच. ज्या खोलीत बोलले त्याच खोलीत, त्याच बायकांसमोर सांगायचं, असं मी पक्कं केलं होतं. वाणाला छोटी तांब्याची फुलपात्रं आणली. ताई आल्या, तीच हिरवी साडी, तोच कोपरा. पूर्वीपेक्षा जरा थकलेल्या. शेजारी नव्यानं राहायला आलेली एकजण म्हणाली, ‘काय हो, तुम्हीच ना त्या, बाजारातला चिनी चहा पिऊन आजारी पडलेल्या? असं कुणाकडूनही घ्यायचं नाही हो काही.’

बायका हसल्या, मागच्या वर्षीच्या वाणाचा विषय कुणी काढला नाही. ताई हसल्या नाहीत, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हातात तबक घेऊन त्यांच्यासमोर उभी होते. तोंड उघडलं होतं. ज्या जिभेवर माझा इतका जीव, ती टाळूला चिकटून बसली.

ताईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग माझी अडचण त्यांनीच सोडवली. पदर पसरला आणि मला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

‘दे. यंदा एकच दे.’